मागच्या वर्षीच्या यादीचं काय झालं?

प्रति,
वृत्तपत्रांच्या खाद्यपुरवण्यांचे संपादक, खाण्यापिण्यावर लिहिणारे पत्रकार आणि मोबाइलवर पदार्थ दाखवणारे सर्व मित्र-मैत्रिणी यांस



दरवर्षी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्याकडून एक यादी येते. येत्या वर्षात लोक काय खाणार, काय पिणार, कोणतं धान्य चालणार, कोणतं फळ गाजणार. मी ती नेमाने वाचते, कारण माझं काम तिच्याशी जोडलेलं आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावात आमचा महिला बचत गट आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी आणि भाकरीचं पीठ आम्ही करून विकतो. गटाचे हिशेब माझ्याकडे असतात. कुणी किती पाकिटं नेली, कुणाची पुन्हा मागणी आली, कुणाकडून माल परत आला, कुणाचे पैसे अडकले, हे सगळं मी लिहून ठेवते. तुमच्या यादीचा परिणाम माझ्या वहीत लगेच उमटतो. वहीत जे दिसतं ते मात्र तुमच्या यादीपर्यंत कधी पोहोचत नाही. म्हणून हे पत्र.

तुमच्यातले कित्येक जण मनापासून काम करतात, हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या गटाला गावाबाहेरचे पहिले ग्राहक मिळाले ते एका पुरवणीत आलेल्या चार ओळींमुळेच. ते उपकार विसरलेले नाही. तरीही काही गोष्टी स्पष्ट बोलायला हव्यात.

२०२३ हे संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून जाहीर केलं होतं, आणि प्रस्ताव आपल्याच देशाचा होता. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्री अन्न' हे नाव मिळालं, जी-२० च्या पाहुण्यांच्या ताटात भरडधान्याचे पदार्थ आले, आणि आमच्या गावातही कॅमेरे आले. आम्हाला आनंद झाला. काठवटीत पीठ मळणाऱ्या बायकांचे हात पहिल्यांदाच कुणी इतक्या जवळून टिपत होतं. त्या हातांचं काम सोपं नाही. कडक भाकरी साध्या भाकरीहून बरीच पातळ थापावी लागते. तव्यावर भाजून झाली की मंद आचेवर ठेवून, सगळीकडून दाबत, पाण्याचा अंश जाईपर्यंत शेकायची. काठाला जरा ओल राहिली तर पाकिटात बुरशी धरते आणि एका भाकरीपायी सगळं पाकीट जातं. आच मोठी ठेवली तर मधोमध करपते. पीठ ताजं नसेल तर ती थापतानाच फाटते. हे सगळं ज्या बाईला जमतं तिच्या हाताला वेगही असतो, पण त्या वेगाला मर्यादा असते.

त्या वर्षी शहरातल्या एका दुकानसाखळीने आमच्याकडे मोठी मागणी नोंदवली. हाताने ती पुरी होणार नव्हती. गटाने कर्ज काढून भाकरीचं यंत्र घेतलं, शेजारच्या वस्तीवरच्या बायकांना कामावर घेतलं. सुरुवातीला माल झपाट्याने उचलला गेला. मग मागणी रोडावत गेली, वर्ष सरता सरता थांबली, आणि मुदत संपल्याचा शेरा मारलेली खोकी आमच्या दारात परत आली. चौकशी केली तेव्हा खरेदी पाहणाऱ्या माणसाने सांगितलं की मिलेटचं आता झालं, लोकांना प्रोटीन हवंय. तो माणूस वाईट नव्हता. तो तुमचीच नवी यादी वाचून बोलत होता.

पण त्याच काळात वहीच्या दुसऱ्या पानांवर वेगळं काही चाललं होतं. तिथे छोटे ग्राहक होते. पुण्यात शिकायला गेलेली सोलापूर-विजापूरकडची मुलं. साखरेचा आजार कळल्यावर घरात ज्वारी परत आणणारी कुटुंबं. रात्रपाळीला डब्यात काहीतरी टिकणारं हवं असलेल्या परिचारिका. गुडघे दुखतात म्हणून ओट्याशी उभं राहून भाकऱ्या थापणं ज्यांना होत नाही, अशा एकट्या राहणाऱ्या आजी. यांच्यातलं कुणी 'मिलेट' म्हणत नव्हतं. फोन करून एवढंच सांगत, "मागच्या वेळेसारखी पाठवा." ही खाती २०२३ मध्ये एकदम फुगली नाहीत आणि २०२४ मध्ये पडलीही नाहीत. दर काही महिन्यांनी एखाद-दुसरं नवं नाव चढत गेलं, आणि ते बहुतेक जुन्या ग्राहकाच्या शेजारचं किंवा नात्यातलं असायचं. यंत्राच्या कर्जाचे हप्ते आज याच खात्यांवर फिटतात.

माझ्या लेखी ट्रेंड हा होता. दुकानसाखळीच्या खात्यातली उडी हे फॅड होतं. दोन्ही एकाच भाकरीचे, एकाच वर्षातले. पदार्थाकडे नुसतं बघून दोहोंतला फरक सांगता येत नाही, आणि माझी मुख्य तक्रार इथूनच सुरू होते: तुम्ही पदार्थाकडे बघता, परत येणाऱ्या माणसाकडे बघत नाही. पहिली खरेदी कुतूहलाने होते. दुसरी आणि दहावी का होते, हे शोधायला कुणी जात नाही.

चहाचं बघा. १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशी या गृहस्थांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि त्यावरून केवढं ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, पुढे प्रायश्चित्तं झाली. वाद चहा कुणाच्या हातचा घेतला याचा होता, हे खरं. पण सामान्य मराठी घरात तेव्हा चहा रोजचा नव्हता, हेही तितकंच खरं. पुढे १९३० च्या दशकात चहा उत्पादकांच्या मंडळाने बाजारांत, गिरण्यांत, रेल्वे स्थानकांवर माणसं पाठवली, लोकांना फुकट चहा पाजला, तो कसा करायचा ते दाखवलं, भिंतींवर जाहिराती रंगवल्या. आजच्या भाषेत ही मोहीम होती, आणि ती फार मोठी होती.

पण चहा घराघरांत मुरला तो केवळ मोहिमेने नाही. १९३० साली आसामातल्या आमगुरी मळ्यात विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी यंत्र बनवलं. या यंत्राच्या दातेरी रुळांमधून पान चुरडलं, फाडलं आणि वळवलं जातं, त्याचे बारीक दाणे होतात. त्या दाण्यांचा रंग चटकन उतरतो, चव कडक येते, दूध आणि साखर घातली तरी ती मरत नाही, आणि किलोभर चहात कप जास्त निघतात. स्वातंत्र्यानंतर सीटीसीचा प्रसार झाला तसा चहा मजुराच्या खिशात बसला. शिवाय तो भूक मारायचा, पाळीच्या कामात तरतरी द्यायचा, आल्यागेल्यापुढे ठेवायला स्वस्त पडायचा. जाहिरातीने पहिला कप दिला. पुढचे सगळे कप यंत्राने, किमतीने आणि कामाच्या वेळापत्रकाने दिले. १८९० ते आजपर्यंतच्या या प्रवासात असं एकही वर्ष दाखवता येणार नाही ज्या वर्षीच्या यादीत 'यंदा चहा' असं लिहिणं बरोबर ठरलं असतं.

आता याच चहाची अलीकडची गोष्ट. काही वर्षांपूर्वी राज्यभर चौकाचौकांत गुळाच्या चहाच्या पाट्या लागल्या. गुळाचा चहा आमच्याकडे नवा नाही. साखर महाग होती, रेशनवर मोजून मिळायची, तेव्हा गावातला चहा गुळावरच व्हायचा, आणि बहुधा कोराच असायचा, कारण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध नासतं. दिवसभर भराभरा कप द्यायचे तर ही जोखीम परवडत नाही, म्हणून कित्येक टपऱ्यांवर गुळाच्या खड्याची जागा तयार पावडरीने घेतली. मग ज्या गोष्टीसाठी लोक आले होते तीच उरली नाही. साखरेच्या चहापेक्षा दोन-पाच रुपये जास्त का द्यायचे, याला गिऱ्हाइकाकडे उत्तर राहिलं नाही. गुळाच्या चहाची शाखा विकणाऱ्याचे पैसे पहिल्याच दिवशी वसूल झाले होते. शाखा घेणाऱ्याचे दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी व्हायचे होते. त्याने नोकरी सोडलेली, गाळ्याची अनामत भरलेली, घरातलं सोनं ठेवलेलं. पाट्या लागल्या तेव्हा तुम्ही बातमी केलीत. उतरल्या तेव्हा तिथे कुणी आलं नाही. काही दुकानं टिकलीही आहेत, आणि ती का टिकली हा तर फारच चांगला लेख होईल. तो मला अजून कुठे वाचायला मिळालेला नाही.

एखादी गोष्ट रुजली की नाही हे ओळखायची सगळ्यात खरी खूण ती नसताना दिसते. २०१५ च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती उठवली, नोव्हेंबरमध्ये पाकिटं पुन्हा दुकानांत आली, आणि लोकांनी ती हाताला लागतील तशी उचलली. त्या मधल्या महिन्यांत दुसऱ्या शेवया बाजारात होत्याच. तरी लोक थांबले. मैद्याच्या शेवयांचं मी समर्थन करत नाही, पण ही सवय किती खोल गेली होती ते त्या बंदीने दाखवलं. याच्या उलट १९७२ च्या दुष्काळात अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी. गावंच्या गावं तिच्यावर जगली. पाऊसपाणी सुधारलं आणि तिची आठवणसुद्धा कुणाला नकोशी झाली. गरज होती तोवर खाल्ली, गोडी कधी लागली नाही. आणि २०२० च्या टाळेबंदीतली डालगोना कॉफी आठवा. हाताने बराच वेळ फेटायची, कारण हातात बराच वेळ होता. कामं सुरू झाली, वेळ गेला, कॉफीही गेली. कुणालाही तिची चुटपुट लागली नाही. ही तीन उदाहरणं तीन वेगळ्या कारणांची आहेत, पण यादीत तिन्ही सारखीच दिसली असती.

वडापावबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिता, म्हणून थोडक्यात. १९६६ च्या सुमारास दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी तो सुरू केला, असं सगळे सांगतात. पण त्या गाडीमागे बेकरीतला पाव होता, बारमाही मिळणारा बटाटा होता, पाळी सुटल्यावर लोकल पकडायला धावणारा आणि उभ्या उभ्या खाणारा गिरणी कामगार होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बसल्या, तेव्हा हाताला काम नसलेल्यांना थोड्या भांडवलात टाकता येणारी गाडी हवी होती, तीही त्यात मिळाली. कुणा एकाची कल्पना आणि शेकडो लोकांची निकड जुळली तेव्हा ते झालं. तुमच्या लेखांत कल्पना येते, निकड गळते.

आता ज्या गोष्टीचं मला सर्वांत वाईट वाटतं ती सांगते. गेल्या पन्नास-साठ वर्षांत महाराष्ट्राच्या जेवणात झालेला सगळ्यात मोठा बदल कोणता? माझं उत्तर आहे, ताटातली भाकरी जाऊन चपाती आली. ज्या सोलापूर-मराठवाड्यात गव्हाची पोळी सणाला व्हायची, तिथे ती रोजची झाली आणि भाकरी पाहुण्यांसाठी 'खास' करायची वेळ आली. ज्वारीखालचं क्षेत्र राज्यात दशकानुदशकं घटत गेलं. एवढं मोठं स्थित्यंतर, आणि ते एकाही वर्षाच्या यादीत आलं नाही, कारण त्याचा फोटो निघत नव्हता.

ते का झालं हे आमच्या गटातली कुठलीही बाई तुम्हाला सांगेल. हरित क्रांतीनंतर गहू मुबलक झाला आणि रेशनच्या दुकानात गहू-तांदूळच येत राहिले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात भरडधान्य किलोला एक रुपया, गहू दोन आणि तांदूळ तीन असे दर लिहिले होते. पण दुकानात ज्वारी नसायची, तेव्हा तिचा एक रुपया कागदावरच राहिला. दुसरं कारण पिठाचं. गव्हाचं पीठ महिनाभर डब्यात चालतं. ज्वारीचं जुनं झालं की त्याची विरी जाते, भाकरी थापताना चिरा पडतात, चव कडवट होते. म्हणजे थोडं थोडं दळून आणायचं, वारंवार गिरणीत जायचं. सकाळी कामावर निघणाऱ्या बाईला ते कसं जमावं? चपाती सकाळी लाटून डब्यात दिली तर दुपारी खाता येते. मऊ भाकरी दुपारपर्यंत वातड होते. नव्या सुनांना लाटता येतं, थापता येत नाही, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. तिसरं कारण शेतातलं. रब्बीची ज्वारी मुळासकट हाताने उपटावी लागते. तळहात सोलवटून निघतात. त्या कामाला मजूर मिळेनात तसा शेतकरी ऊस, सोयाबीन, मका अशा पिकांकडे वळला. ज्याच्या दावणीला जनावरं आहेत तो कडब्यासाठी अजून ज्वारी पेरतो. दावणी रिकाम्या झाल्या तसं तेही कमी झालं.

हे सगळं माहीत असलेला माणूस २०२३ मध्ये 'ज्वारी परत आली' असं लिहिताना थांबला असता. त्याने विचारलं असतं की रेशनवर ती मिळते का, पीठ टिकवायची सोय झाली का, काढणीला यंत्र आलं का, बाईचा वेळ वाचला का. यातलं जेवढं बदललं तेवढीच ज्वारी परत येणार होती. आमची कडक भाकरी चालते ती नेमकी याच कारणाने: ती टिकते, आणि ती थापायला घरातल्या बाईला उभं राहावं लागत नाही. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या मातीतली मालदांडी ज्वारी वाखाणण्याजोगी आहेच. पण चवीचं कौतुक आणि रोजचं जेवण यांच्यामध्ये पीठ, गिरणी, गॅस आणि सकाळचे सात असतात.

फॅडची किंमत कोण भरतं, याबद्दलही तुमच्याशी बोलायचं आहे. शहरातल्या माणसाला एखादा पदार्थ आवडला नाही तर त्याचे दोनशे रुपये जातात. शेतकऱ्याचं तसं नसतं. दुबईतलं ते कुनाफा-पिस्ता भरलेलं चॉकलेट २०२३ च्या अखेरीस एका व्हिडिओमुळे जगभर पसरलं आणि २०२५ पर्यंत पिस्त्याचे भाव चढल्याच्या बातम्या आल्या. पिस्त्याचं झाड लावल्यापासून हाती पीक यायला कित्येक वर्षं लागतात. तोपर्यंत त्या व्हिडिओचं काय झालेलं असेल? आपल्याकडे हे वेगवेगळ्या रूपांत होऊन गेलं आहे. एमूचं मांस आणि तेल जग विकत घेणार असं सांगून शेतकऱ्यांना पक्षी विकले गेले; २०१२ साली तमिळनाडूतल्या पेरुंदुराईच्या एमू कंपनीचं फसवणुकीचं प्रकरण फुटलं, आणि आपल्याही राज्यात कुंपणातले पक्षी सांभाळता येईनात. कडकनाथ कोंबडीला २०१८ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआचं मानांकन मिळालं, तिच्या काळ्या मांसाच्या गुणांवर लेख आले, आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडचे शेतकरी फसवणुकीच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर उतरले. फसवणारे वेगळे होते, हे मान्य. पण त्यांच्या माहितीपत्रकांना पुरावा म्हणून कोणती कात्रणं जोडलेली असतात, ते एकदा बघा.

नाशिकच्या वाइनची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे, आणि म्हणून जास्त शिकवणारी. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. भारतीय मध्यमवर्ग वाइन पिणार, हे भाकीत खोटं नव्हतं. आज ती पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक विकली जाते. पण भाकीत ज्या वेगाने छापलं गेलं त्या वेगाने माणसं बदलली नाहीत. २००८-०९ च्या मंदीत वाइन पडून राहिली, वायनऱ्यांनी द्राक्षं उचलली नाहीत. वाइनची द्राक्षं बारीक आणि बियांची. ती खाण्यासाठी बाजारात नेता येत नाहीत. कित्येकांनी उभ्या बागा तोडल्या. म्हणजे ट्रेंड खरा असूनही केवळ त्याचा काळ चुकीचा सांगितल्यामुळे माणसं बुडाली. ड्रॅगन फ्रूटचं आज काय होईल मला ठाऊक नाही. पाणी कमी लागतं, आमच्या जिल्ह्याला ते सोसेल, कदाचित रुजेलही. पण सिमेंटचे खांब आणि वरची चक्रं उभी करायला एकरी जो खर्च येतो तो बघता, 'सुपरफूड' हा एक शब्द लिहिताना हात जड व्हायला हवा.

शेतकरी मूळचा उतावळा नसतो. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या दोन वस्त्यांमध्ये संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ साली प्रसिद्ध केला. २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सगळ्यांनी १९२८ ते १९४१ या काळात ते बियाणं स्वीकारलं. बियाण्याची बातमी बहुतेकांना विक्रेत्याकडून कळली होती, पण पटली ती शेजाऱ्याचं शेत बघून. आणि पहिल्या वर्षी बहुतेकांनी ते थोड्याशाच जमिनीत लावून पाहिलं. माझ्या वहीतली शेजारच्या-नात्यातल्यांची नावं तीच गोष्ट सांगतात. तुम्ही आजचे विक्रेते नाही, पण बातमी आता तुमच्याकडून पोहोचते. तर मग शेजाऱ्याचं शेत दाखवण्याचं कामही काही अंशी तुमच्याकडेच येतं.

पैशाबद्दलही लिहायलाच हवं. २०२१ मध्ये जाहिरात मानक परिषदेने आणि २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलं आहे की पैसे, वस्तू किंवा फुकट जेवण घेऊन एखाद्या गोष्टीची शिफारस केली तर तसं स्पष्ट दिसेल असं नमूद करा. मोठ्या मंडळींपैकी काही जण करतात. पण तालुक्याच्या गावात नव्या हॉटेलच्या उद्‌घाटनाला गेलेले, पुरवणीत 'विशेष प्रतिनिधी' म्हणून लिहिणारे किती जण करतात? आमच्याकडेही एकाने भाकरीचा व्हिडिओ करण्याचा दर सांगितला होता. आम्ही नकार दिला, कारण तेवढ्यात चार बायकांची मजुरी निघते. ज्यांनी तो दर दिला असेल त्यांच्या पदार्थाला लोक 'सध्या गाजतंय' म्हणून ओळखत असतील. ते कुणी गाजवलं, हे वाचणाऱ्याला कळायला हवं.

माझ्या विनंत्या फार नाहीत. नवी यादी छापण्याआधी मागच्या आणि त्याच्या मागच्या वर्षीची यादी छापा, आणि प्रत्येक नावापुढे आज ते कुठे आहे ते लिहा. चुकलं असेल तर चुकलं म्हणा. वाचक तुमच्यावर रागावणार नाही, उलट पुढच्या वेळी जास्त विश्वास ठेवील. एखाद्या नव्या दुकानावर लिहिलंत तर वर्षाने तिथे परत जा. शेफला भेटता तसं भांडी घासणाऱ्याला, किराणा दुकानदाराला आणि गिरणीवाल्याला भेटा. गिरणीवाल्याला कुणाच्या घरी काय खाल्लं जातं हे तुमच्या-माझ्याहून आधी कळतं. लंडन-न्यूयॉर्कच्या याद्या भाषांतर करून आमच्या ताटावर ठेवू नका. आणि नाचणी-वरी ज्यांच्या घरात कधी सुटलीच नव्हती, त्या डोंगरातल्या माणसांबद्दल लिहिताना 'नव्याने शोध लागला' असं लिहू नका. त्यांच्याकडून ते धान्य कुणी कितीला घेतलं आणि शहरात कितीला विकलं, तेवढं लिहा.

शेवटची विनंती संपादकांना. तुमच्या वृत्तपत्रात शेतीचं पान असतं आणि खाण्याचंही असतं. शेतीच्या पानावर ज्वारीची पेरणी घटल्याची बातमी येते, खाण्याच्या पानावर त्याच आठवड्यात ज्वारी परत आल्याची. दोन्ही पानं लिहिणारी माणसं एकाच कार्यालयात बसतात. येत्या डिसेंबरची यादी छपाईला जाण्याआधी ती शेतीचं पान पाहणाऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या, आणि त्याने समासात जे काही लिहून दिलं असेल तेही यादीसोबत छापा.



आपली विश्वासू,
सोलापूर जिल्ह्यातल्या एका महिला बचत गटाची हिशेबनीस